ठेवणीतलं आणि वापरातलं

(एक पालक कुटुंब, अप्पर हट)

दिवाळी आली की घर आवरायचं, ही रीत आपण सगळ्यांनी येताना सामानाबरोबर आणली, पण तिच्यामागचं कारण तिकडेच राहिलं असं आम्हाला बरीच वर्षं वाटायचं. महाराष्ट्रात चार महिन्यांचा पाऊस संपतो, आश्विनाचं कडक ऊन पडतं, मग माळ्यावरचे डबे खाली येतात, गाद्या गच्चीवर जातात, कपाटांची दारं दिवसभर उघडी राहतात. इथं ऑक्टोबर म्हणजे वसंत! पण नीट पाहिलं तर कारण इथंही तेच आहे. चार महिने थंडी, सकाळी गवतावर गोठलेलं दहिवर, खिडकीच्या काचांवरून आतल्या बाजूनं ओघळणारं पाणी, घरातच वाळत घातलेले कपडे, त्यात आपला कुकर आणि भाताची वाफ. ऑक्टोबरात जरा ऊन आल्यावर कपाट उघडावं तर आतून ओळखीचा कुबट वास येतो. आमच्या मिरजेच्या आजी त्याला 'श्रावणाचा वास' म्हणायच्या. अप्पर हटचा श्रावण जुलैत सुरू होतो आणि सप्टेंबर संपला तरी हलत नाही, एवढाच फरक.

दिवाळी अंकासाठी 'मुलांना घरी करून बघता येईल असं हस्तकलेचं काहीतरी लिहा' असं बाईंनी सांगितलं, तेव्हा आम्हाला शाळेतलं 'टाकाऊतून टिकाऊ' आठवलं. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, बांगड्यांच्या काचांचा मोर, काडेपेट्यांचा सोफा! ते सगळं शोकेसमध्ये जायचं आणि त्यावरची धूळ पुसायचं एक काम वाढायचं. तसलं काही इथं नाही. घरात ज्या गोष्टीला जागा नव्हती तिला जागा मिळाली, अशाच गोष्टी आम्ही इथं सांगणार आहोत. आणि शेवटी आजींच्या लुगड्यांची हकीकत आहे, ती जरा लांबेल.

आधी एक साधी गोष्ट, जी नवीन आलेल्या मंडळींनी ध्यानात ठेवावी. तिकडे हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं. इथं सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून घराची दक्षिण भिंत हिवाळाभर गारच राहते. त्या भिंतीला टेकवून कपाट ठेवलं तर मागच्या बाजूला काळी बुरशी येते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढावं. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नयेत, जुन्या सुती कापडात सैल गुंडाळावेत. आजी लुगड्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायच्या. इथं तो आणायचा तर विमानतळावर दाखवावा लागतो, आणि बहुधा तिथंच राहतो. आम्ही त्याऐवजी लवंगा आणि वाळलेला लॅव्हेंडर यांच्या छोट्या पुरचुंड्या करतो. लॅव्हेंडर इथं कोणाच्याही कुंपणाशी असतो, आणि पुरचुंडी बांधणं सहा वर्षांच्या मुलालाही जमतं.

आता थोडं जुन्या घरांबद्दल, कारण मुलांना हे शब्द कानावर पडायला हवेत. आजींच्या घरात आत्ता आपल्याकडे आहेत तशी कपाटं नव्हतीच, तरी वस्तू सापडायची. भिंतीतच खोदलेला कोनाडा असायचा, त्यात दिवा. भिंतीतच फळ्या आणि दारं बसवली की ते फडताळ. धान्याला कणगी, कपड्यांना दांडी, टोपीला आणि पिशवीला खुंटी, दूधदुभत्याला मांजरापासून वाचवायला वरून टांगलेलं शिंकं. आणि कोपऱ्यात उतरंड, म्हणजे खाली मोठं मडकं, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. बाईमाणसाच्या हाताला अंधारातही कळायचं की तिसऱ्या मडक्यात काय आहे. मीठ-मसाल्याला मिसळणाचा डबा. पुढं पत्र्याचे डबे आले. डालडा १९३७ साली बाजारात आला, आणि त्यातलं तूप संपल्यावर डबा टाकून द्यायचा असतो हे मराठी घरांना कोणी कधी पटवू शकलं नाही. पिवळ्या डब्यावर ते ताडाचं झाड, आणि आत डाळ, नाहीतर अंगणात तोच डबा आणि त्यात तुळस.

आम्ही हे शब्द इथल्या घराला लावून टाकले आहेत. छपराखालची जागा माळा. बाहेरच्या दाराजवळ लाकडी पट्टीला ठोकलेल्या खिळ्यांची रांग ती खुंटी, तिच्यावर दप्तरं आणि रेनकोट. आणि गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं ना, इथल्या जुन्या घरांतलं, त्याला आमच्याकडे 'इडलीचं कपाट' म्हणतात, कारण हिवाळ्यात पीठ फुगतं ते फक्त तिथंच. घरी कोणी पाहुणे आले आणि मुलांनी "टॉवेल इडलीच्या कपाटात आहे" असं सांगितलं की पाहुणे आमच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघतात.

तर डबे. न्यूझीलंडचा डालडा म्हणजे दोन लिटरचा आइस्क्रीमचा डबा! इथल्या शेजारणी त्यात बिस्किटं ठेवतात, आपण सगळंच ठेवतो. आमच्या फ्रीजरमध्ये 'हॉकी-पोकी' असं छापलेल्या डब्यात ओलं खोबरं असतं, आणि मुलांच्या मित्रांची त्यावरून दोनदा घोर निराशा झालेली आहे. तेव्हा ठरलं, प्रत्येक डब्याला मराठीत पाटी हवी. पांढरा कागद, जाड पेन, वरून चिकटपट्टी. पाट्या मुलांनी लिहायच्या, आम्ही फक्त वाचायच्या. सोपं वाटलं होतं, पण दोन संध्याकाळी गेल्या आणि घरात व्याकरणावरून भांडण झालं!

लेकीनं 'मूग' लिहिलं, बरोबर लिहिलं, मू दीर्घ. शेजारच्या डब्यावर धाकट्यानं 'मूगाची डाळ' लिहिलं. आम्ही म्हटलं, इथं मु ऱ्हस्व, मुगाची. तो म्हणाला, "डबा बदलला की मूग लहान होतो का?" प्रश्न चोख होता. मग सगळे डबे टेबलावर मांडले. मीठ, पण मिठाचा डबा. तूर, पण तुरीची डाळ. तीळ, पण तिळाचे लाडू. गूळ, पण गुळाचा खडा. मसूर, पण मसुराची आमटी. शब्दाला पुढं काही जोडलं की आधीचा लांब स्वर आखूड होतो, हे त्यांनी डबे सरकवत सरकवत स्वतःच काढलं. आणि मग आला उडीद. उडदाची डाळ! "आता ई कुठं गेली?" ती तर अजिबातच गेली. गहू आल्यावर तर हसू आवरेना, कारण 'गव्हाचं' मध्ये 'हू' कुठल्या कुठं! ज्वारी मात्र सुशील निघाली, ज्वारीचं पीठ, काही बदल नाही. वर्गात सामान्यरूप शिकवताना बाईंना किती कष्ट पडतात ते आम्ही पाहिलेलं आहे. आमचा प्रस्ताव असा आहे की एका शनिवारी सगळ्यांनी घरून एकेक डबा आणावा.

पाटी लावल्याचा आणखी एक फायदा झाला, तो आम्ही धरला नव्हता. आधी मुलं "ते पिवळं दे" म्हणायची. आता "हरभऱ्याची डाळ कुठंय?" म्हणतात. वाचताना चुकतातही, हळदीला 'हलद' म्हणतात, पण शब्द तोंडात येतो.

डब्यांची रचना करताना मात्र उतरंडीचा मोह टाळावा लागतो. हट खोऱ्यातून वेलिंग्टनची भूकंपाची मोठी भेग जाते. हारकोर्ट पार्कमध्ये गेलात तर नदीचे जुने काठ त्या भेगेपाशी कसे सरकलेले आहेत ते दिसतं, मुलांना जरूर दाखवा. १४ नोव्हेंबर २०१६ ला मध्यरात्र उलटून दोन मिनिटांनी कायकोऱ्याचा ७.८ चा भूकंप झाला, तेव्हा इथं असलेल्या कोणालाही तो हेलकावा विसरता येणार नाही. तर जड डबे आणि बरण्या खाली, हलकं वर, आणि उघड्या फळीला पुढून एक लाकडी पट्टी किंवा घट्ट ताणलेली इलॅस्टिकची दोरी. लोणच्याची काचेची बरणी कमरेच्या वर ठेवूच नये, मग ती कितीही सुंदर दिसो.

शिंकं मात्र भूकंपाला पुरून उरतं! ते झुलतं, पडत नाही. अर्थात छताच्या तुळईत पक्का रोवलेला हूक हवा, नुसत्या पातळ छतात घातलेला उपयोगाचा नाही. आमच्या लेकीनं केलेलं शिंकं स्वयंपाकघरात आहे, त्यात कांदे-लसूण राहतात आणि हवा लागल्यामुळे त्यांना कोंब कमी येतात. कृती सांगतो. जाड सुती दोरीचे प्रत्येकी तीन मीटरचे चार तुकडे घ्या. चारही एका कडीतून अर्धे-अर्धे ओवा, म्हणजे खाली आठ पदर लोंबतील. कडीखाली सगळ्यांची मिळून एक गाठ. आता दोन-दोन पदरांच्या चार जोड्या करा, आणि कडीपासून हातभर खाली, सगळ्या एका उंचीवर, प्रत्येक जोडीला गाठ मारा. मग गंमत आहे. एका जोडीतला एक पदर आणि शेजारच्या जोडीतला एक पदर असे घेऊन, चार बोटं खाली गाठ. असं गोल फिरलं की जाळी तयार होते. आणखी चार बोटं खाली सगळे आठ पदर एकत्र घट्ट बांधा. आत वाडगा किंवा टोपली बसवा. गाठी एका उंचीवर आल्या नाहीत तर शिंकं तिरकं होतं आणि कांदे एक-एक करून खाली उतरतात. म्हणून मोजताना दोघांनी बसावं, एकानं धरायचं, एकानं बांधायचं.

मोजण्याची मापं मुद्दाम बोटं, वीत आणि हात अशी दिली आहेत. (तीन मीटर सोडून!) मुलांना विचारा, वीत कोणाची धरायची? आमच्याकडे यावरून एक मोठी चर्चा झाली आणि शेवटी आईची वीत प्रमाण ठरली.

आता लुगड्यांकडे येतो.

आजी २०२१ च्या एप्रिलात गेल्या. त्या महिन्यात भारतातून येणाऱ्यांना न्यूझीलंडनं काही दिवस दार पूर्ण बंद केलं होतं. त्याआधी आणि त्यानंतरही इकडून गेलेल्या माणसाला परत यायला विलगीकरणाची खोली मिळेल की नाही याची खात्री नव्हती. तो काळ आपल्यातल्या बऱ्याच घरांनी तसाच काढला, म्हणून जास्त लिहीत नाही. फोनवर जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. पुढं डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही मिरजेला गेलो, तेव्हा काकूंनी एका जुन्या धोतरात बांधलेलं गाठोडं पुढं केलं. आत सहा लुगडी. चार सुती, वापरून वापरून मऊ झालेली. दोन इरकली, त्यांच्या पदराचा तो लाल-पांढरा पट्टा. "आजींनी तुमची म्हणून वेगळी काढली होती," एवढंच काकू म्हणाल्या. वजनाच्या काट्यावर बॅग तेवीस किलोच्या वर गेली, तेव्हा मेतकूट आणि दोन पुस्तकं काढली. गाठोडं काढलं नाही.

घरी आणल्यावर ते कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेलं. ठेवणीतलं ना! त्याला हात कोणी लावायचा? दोन हिवाळे गेले. २०२४ च्या ऑक्टोबरात दिवाळीच्या आवराआवरीत गाठोडं सोडलं, तर एका सुती लुगड्याच्या घडीवर करड्या ठिपक्यांची रांग होती, आणि एका इरकलीचं रेशीम घडीच्या रेषेवर विरायला लागलं होतं.

त्या दिवशी आमच्या घरात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, ही वापरायला काढू, गोधडी करू, पिशव्या करू, नाहीतर पाच वर्षांत हातात भुगा येईल. दुसरा पक्ष म्हणे, आजींच्या लुगड्याला कात्री लागणार नाही. दोन्ही पक्षांचं म्हणणं आम्हाला आजही खरं वाटतं. कात्री हातात घेणं सोपं नाही हो. कापडाला अजून त्या घराचा वास होता, आणि एकाच्या काठाला आजींनीच घातलेली रफूची जाळी होती, इतकी बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसू नये. तीन-चार आठवडे गाठोडं जेवणाच्या टेबलाच्या कडेला तसंच पडून होतं. आम्ही त्याच्या बाजूनं जेवत होतो.

सुटका केली ती काकूंनी. फोनवर त्यांना सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मिरजेला तुम्ही जी गोधडी घ्यायचात, हिरव्या काठाची, ती कशाची होती? आजींच्या सासूबाईंच्या लुगड्यांची. आणि गोधडीला कात्री कशाला लागते? घडी घालतात!"

बरोबर होतं. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर. लांबीत चार घड्या घातल्या की दोन मीटरहून थोडं जास्त लांब आणि लुगड्याच्या पन्ह्याएवढं रुंद, असं चार पदरी अंथरूण तयार होतं. एका माणसाला पुरेसं. कुठंही कापायचं नाही, फक्त धावदोरा घालायचा. टाके उसवले तर लुगडं पुन्हा लुगडं! दोन्ही पक्ष एका रात्रीत मिटले.

इथल्या थंडीला चार सुती पदर पुरत नाहीत. म्हणून मधे एक जुनं लोकरी ब्लँकेट घातलं. इथल्या ऑप-शॉपमध्ये न्यूझीलंडची जुनी लोकरी ब्लँकेटं मिळतात, जरा विरलेलं असलं तर उत्तम, सुई सहज जाते. वर दोन पदर, मधे लोकर, खाली दोन पदर. सगळं आधी धुऊन, कडक वाळवून घ्यायचं, नाहीतर शिवल्यावर आटून गोळा होतं. गोधडी कार्पेटवर पसरू नये, कारण खालची सुई कार्पेटलाही टाका घालते. स्वयंपाकघरातल्या गुळगुळीत जमिनीवर किंवा जेवणाच्या टेबलावर पसरावी. आधी मधून कडेकडे हातभर लांबीचे कच्चे टाके, म्हणजे पदर सरकत नाहीत. मग काठापासून सुरू करून दोन-दोन बोटांवर धावदोरा. जाड सुती दोरा, मोठ्या नाकाची सुई, बोटात अंगुस्तान. मुलांना अंगुस्तान फार आवडतं, ते घालून टेबलावर टकटक करत बसतात, आणि शिवण बाजूला राहते.

आम्ही २०२५ च्या ईस्टरला बसलो आणि मातारिकीच्या सुट्टीपर्यंत ती पुरी झाली. रोज रात्री जेवणानंतर चौघंही टेबलाभोवती, एकेका बाजूला. आमचे टाके सरळ, लेकीचे बारीक, धाकट्याचे म्हणजे बेडूकउड्या. काकूंना फोटो पाठवला, तर त्यांनी धाकट्याची ओळ बरोबर ओळखली. शिवताना बोलणं होतं, हा त्यातला खरा फायदा. हात गुंतलेले, टीव्ही बंद, नजर खाली. "आजी कशी बोलायची?" हा प्रश्न आमच्या लेकीनं तेव्हा पहिल्यांदा विचारला. ती शेवटची भेटली तेव्हा पाच वर्षांची होती. आम्ही सांगत गेलो. आजी 'नव्हं' म्हणायच्या, 'चुलीम्होरं' म्हणायच्या, रागावल्या की मुलांना 'मुडद्या' म्हणायच्या आणि लगेच दाण्याचा लाडू द्यायच्या. 'मुडद्या' हा शब्द आता आमच्या घरात चांगलाच रुळला आहे, त्याबद्दल बाईंची आधीच क्षमा मागतो.

बुरशीचे ठिपके पडलेलं लुगडं वाचण्यासारखं नव्हतं. ते कापलं. त्याचा चांगला भाग काढून भिंतीवरची खिशांची पट्टी केली. जुन्या जीन्सच्या जाड कापडावर लुगड्याचे दहा खिसे शिवले आहेत, एकात बिलं, एकात शाळेची पत्रं, एकात कात्री आणि टेप, एकात पत्रिका आणि फोटो. उरलेल्या काठाच्या तुकड्यांतून लेकीनं नाडी ओवून बटवे केले. १ जुलै २०१९ पासून इथं दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या, आणि महाराष्ट्रात तर २०१८ मध्येच बंदी आली होती, तेव्हा कापडी पिशवी आणि बटवा आता दोन्हीकडे जुनाट राहिलेला नाही.

पहिल्या बटव्यावरून पुन्हा एकदा वाद झाला. तो आम्हाला देव्हाऱ्यात, निदान शोकेसमध्ये हवा होता. लेक म्हणाली, नाही, पहिली वस्तू द्यायची असते. हे तिनं शाळेत हाराकेकेच्या पात्यांचं विणकाम करताना शिकलेलं. हाराकेके म्हणजे इथलं पात्यांचं झुडूप, ज्याच्या टोपल्यांना माओरीत 'केते' म्हणतात. पाती कापताना मधलं कोवळं पान, ते मूल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पानं, ते आईबाप, यांना हात लावायचा नाही, फक्त बाहेरची जुनी पाती घ्यायची. आणि विणलेली पहिली वस्तू स्वतः ठेवायची नाही, दुसऱ्याला द्यायची. ती हे इतक्या ठामपणे सांगत होती की आम्ही गप्प बसलो.

बटवा तिनं शेजारच्या आजीबाईंना दिला. त्या नव्वदीला आल्या आहेत. त्यांनी कापड बोटांनी चोळून पाहिलं आणि सांगितलं की १९३० च्या मंदीत त्यांची आई साखरेच्या पोत्यांचे एप्रन आणि पिशव्या शिवायची. त्या काळाला इथं 'शुगरबॅग इयर्स' म्हणतात, त्या नावाचं टोनी सिम्प्सन यांचं पुस्तकही आहे, १९७४ चं. मग त्यांनी बटव्यात काय ठेवलं असेल? कपड्यांचे चिमटे! आता उन्हाच्या दिवशी आमच्या खिडकीतून बघावं तर आजींच्या लुगड्याचा काठ कुंपणापलीकडे कपड्यांच्या दोरीवर हलत असतो. आमच्यापैकी एकाला पहिले काही दिवस ते बघवत नव्हतं. आता चिमट्यांची पिशवी दिसली नाही की चैन पडत नाही, आजीबाईंची तब्येत बरी आहे ना अशी शंका येते.

गोधडी कुठं ठेवायची हा प्रश्न उरला नाही, कारण ती कधी ठेवलीच जात नाही, सदा सोफ्यावर असते आणि तिच्यावरून भांडणं होतात. पाहुण्यांच्या जादा पांघरुणांसाठी एक युक्ती मात्र सांगून ठेवतो. लांब नळीसारखा अभ्रा शिवावा, दोन्ही तोंडांना नाडी, आणि घडी केलेली पांघरुणं त्यात गुंडाळून भरावीत. छान लोड तयार होतो. बैठकीत टेकायला लोड, पाहुणे आले की पांघरूण, कपाटातली एक फळी मोकळी.

इरकली दोन्ही तशाच आहेत. त्या काढून, उलट्या घडीनं पुन्हा घातल्या आहेत, म्हणजे जुन्या रेषेवर ताण येत नाही, आणि सुती कापडात गुंडाळून इडलीच्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत, टाकीपासून दूर. दर सहा महिन्यांनी, दिवाळीला आणि ईस्टरला, घडी मोडायची असं ठरलं आहे. लेक म्हणते, एक ती नेसणार. नऊवारी नेसवायचं आम्हा दोघांनाही येत नाही. वर्गातल्या कोणा आई-आजींना येत असेल तर कृपया निरोप द्यावा.

उरलेल्या दोन सुती लुगड्यांपैकी एकाची घडी घालून झाली आहे, ब्लँकेट मिळायचं आहे.

दरम्यान एक काम सगळ्यांनी मिळून करू या. आपल्या वर्गाच्या भिंतीसाठी अक्षरांच्या खिशांची पट्टी करायची आहे. प्रत्येक खिशावर एक अक्षर, आणि मुलांनी त्या अक्षरानं सुरू होणाऱ्या वस्तूचं चित्र काढून त्यात टाकायचं. प्रत्येक घरानं आपल्याकडचा जुना सुती तुकडा आणावा, साडीचा, धोतराचा, सदऱ्याचा, कशाचाही, दीड वीत लांब आणि एक वीत रुंद. (वीत मोठ्या माणसाची!) तुकडा धुऊन, वाळवून, इस्त्री करून आणावा. 'ण' आणि 'ळ' साठी कोणाचा तुकडा घ्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवू, कारण त्यांनी सुरू होणारा शब्द सापडणार नाही आणि ते खिसे रिकामेच राहतील अशी तक्रार आत्ताच आली आहे. त्यात वर्गाच्या किल्ल्या ठेवू. मोठ्या नाकाची सुई आणि जाड दोरा प्रत्येकानं आपापला आणावा. अंगुस्तानं आमच्याकडे चार आहेत. कात्री आम्ही आणू.